बाप्तिस्म्याची आदली रात्र : मराठी ख्रिस्ती स्त्रीची कादंबरी कुठे आहे?

कल्याणहून कर्जतकडे लोकल वळली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशनं एकामागून एक येतात. रविवारी सकाळी या गाडीत डोक्यावरून पदर किंवा ओढणी घेतलेल्या, हातात बायबल धरलेल्या बायका दिसतात. कुणी मल्याळम बोलते, कुणी तमिळ, कुणी कोंकणी, कुणी मराठवाड्याच्या वळणाची मराठी. या बायका चर्चला चालल्या आहेत, एवढंच आपल्याला बाहेरून कळतं. त्यांच्या घरात ही श्रद्धा कोणत्या पिढीत आली, ती आणणाऱ्या आजीने किंवा पणजीने त्यासाठी काय गमावलं, काय लपवलं, कुणाला कधीच सांगितलं नाही, हे मराठी वाचकाला ठाऊक नाही. ते सांगायचं काम कादंबरीचं होतं, आणि मराठी कादंबरीने ते अर्धवट सोडलं आहे.

ही तक्रार कोरड्या जमिनीबद्दलची असती, तर तिला अर्थ नव्हता. पण या विषयाची इतकी सकस जमीन भारतातल्या फार थोड्या भाषांना मिळाली आहे. पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती ‘यमुनापर्यटन’ एका ख्रिस्ती लेखकाने एका स्त्रीला मध्यभागी ठेवून लिहिली. मराठीतलं सर्वांत जिवंत स्त्री-आत्मचरित्र म्हणून अनेकजण ज्याकडे बोट दाखवतात, ते ‘स्मृतिचित्रे’ धर्मांतराने दुभंगलेल्या एका घराची गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकातली महाराष्ट्राची सर्वांत विद्वान स्त्री, पंडिता रमाबाई, ख्रिस्ती झाली. म्हणजे स्त्री, श्रद्धा आणि गुपित हे त्रिकूट आपल्या साहित्याच्या पायातच आहे. तरीही या विषयावरची ऐतिहासिक कादंबरी आज आपल्याकडे का भरभरून नाही, याचा शोध घ्यायला हवा.

बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावला जन्मले, १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केलं. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये झाला होता. यमुना आणि तिचा नवरा विनायक यांचं मन ख्रिस्ती विचाराकडे वळलेलं आहे. प्रवासात त्यांना ठिकठिकाणी विधवा भेटतात, त्यांच्या हकिकती कानावर येतात. पुढे यमुनेवरच वैधव्य येतं, आणि अखेर ती उघडपणे ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. पदमनजींना विधवांच्या यातना खऱ्याखुऱ्या सलत होत्या. त्या हकिकतींमधली चीड आजही वाचकाला जाणवते. त्यांच्या या धैर्याला नमस्कार केलाच पाहिजे.

मात्र कादंबरी म्हणून पाहिलं, तर एक उणीव पहिल्या पानापासून जाणवते. यमुनेच्या मनातली श्रद्धा घरापासून लपलेली आहे, पण लेखकापासून आणि वाचकापासून ती कधीच लपलेली नाही. तिला शंका येत नाही. आपण चुकत तर नाही ना, या विचाराने ती रात्र जागून काढत नाही. तुळशीपुढचा दिवा सोडताना तिचा हात थरथरत नाही. उत्तर आधी ठरलेलं आहे आणि प्रश्न त्या उत्तराकडे नेण्यापुरते मांडलेले आहेत. ही प्रबोधनाची रीत झाली. मिशनच्या छापखान्यांतून त्या काळी निघालेल्या बहुतेक कथांची रीत हीच होती: अज्ञान, दुःख, भेट, उजेड. १८४१ मध्ये हरी केशवजी यांनी ‘यात्रिकक्रमण’ या नावाने जॉन बनियनचं रूपक मराठीत आणलं. तिथे यात्रेकरूची वाट आखलेली असते, आणि ते त्या पुस्तकाला शोभतं. यमुनेची वाटही तशीच आखलेली निघाली, ते मात्र तिच्यावर अन्याय करणारं ठरलं.

खऱ्या बाईची वाट कशी असते, ते लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त दाखवलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा लक्ष्मीबाई तिथे नव्हत्या. हे गुपित त्यांनी जपलेलं नव्हतं; ते त्यांच्यापासून जपलं गेलं होतं. नवऱ्याने देव बदलला, आणि त्यासरशी बायकोचं स्थान, माहेर, पंगत, पाणवठा, मुलाचं भवितव्य सगळं एका दिवसात बदललं. काही वर्षं त्या टिळकांपासून दूर राहिल्या. मग त्यांच्याकडे परतल्या, पण परतल्या त्या आपलं सोवळं बरोबर घेऊन. पुढे ते सोवळं त्यांच्या मनातून गळून पडलं, ते कुणाच्या उपदेशाने नाही. माणसामाणसांत भेद कुणी केला, या प्रश्नाला त्या एकट्याने भिडल्या, आणि मगच त्यांनी स्वतःचा बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. बाप्तिस्मा ही या पुस्तकातली मोठी घटना आहे, पण त्याहून मोठी घटना म्हणजे त्याआधीची वर्षं. रडण्याची, भांडण्याची, वेगळी चूल मांडण्याची, आणि तरीही नवऱ्यावर जीव टाकण्याची. विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला, तोही या वर्षांच्या बळावर उभा राहिला.

तेव्हा पहिला निष्कर्ष असा: या विषयातलं मराठीचं सर्वोत्तम काम कादंबरीत झालेलं नाही, आत्मकथनात झालेलं आहे. दुसरा पुरावा इंग्रजीत आहे, पण तो आपल्याच मातीतला आहे. कृपाबाई सत्यनाथन १८६२ मध्ये अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, हरिपंत आणि राधाबाई खिस्ती यांच्या घरी जन्मल्या. मद्रासमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊ पाहणाऱ्या पहिल्या मुलींपैकी त्या एक. १८९४ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्या गेल्या. त्यांची ‘सगुणा’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १८८७-८८ मध्ये मद्रासच्या मासिकातून क्रमशः आली, आणि पुस्तकरूपात त्यांच्या मृत्यूनंतर, १८९५ मध्ये. तिच्यातली सगुणा हुशार आहे, तेजस्वी आहे. पण माझ्या मनात घर केलं ते तिच्या आईने, राधाने. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून मनाविरुद्ध त्याच्यामागे गेलेली ही तरुण बायको. नव्या देवाला तिने हळूहळू आपलं म्हटलं, पण जुन्या घराचं काय झालं, हे तिने किती जणांना सांगितलं असेल? मुलीने आईचं ते मौन जेवढं कळलं तेवढं लिहून ठेवलं. मराठी कादंबरीकाराने खरं तर तिथून पुढे सुरुवात करायला हवी होती.

त्याच काळात मुंबईच्या शेवंतीबाई निकंबे यांनी १८९५ मध्ये ‘रतनबाई’ ही छोटी कादंबरी इंग्रजीत लिहिली. लेखिका ख्रिस्ती, नायिका उच्चवर्णीय हिंदू घरातली शिकू पाहणारी सून. कृपाबाई काय आणि शेवंतीबाई काय, दोघींनी आपली कादंबरी इंग्रजीत लिहिली, ही गोष्ट मला टोचते. मराठी ख्रिस्ती स्त्रीची कथात्म प्रतिभा ज्या वेळी बहरत होती, त्या वेळी ती आपल्या भाषेबाहेर गेली. मराठी वाचकाच्या वाट्याला तिच्याविषयीची मतं आली, तिचं लेखन आलं नाही.

आता रमाबाईंकडे वळू. १८८२ मध्ये वैधव्य आलं, १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. बरोबर आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. वाँटेजच्या मठात या मैत्रिणीने आत्महत्या केली. काही आठवड्यांतच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. या दोन घटनांच्या मधल्या दिवसांत रमाबाईंच्या मनात काय चाललं असेल? अपराधभाव, एकटेपण, की निश्चय? चरित्रकार इथे थांबतो, आणि त्याने थांबावं हेच योग्य. कादंबरीकाराचं काम नेमकं तिथे सुरू होतं.

ख्रिस्ती झाल्यावरही त्यांच्या मनाचा कोपरा त्यांनी कुणाच्या ताब्यात दिला नाही. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार १९७७ मध्ये ए. बी. शाह यांनी संपादित केला. तो वाचताना दिसतं की शाकाहार सोडायला त्या तयार नव्हत्या, क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नाही, असा त्यांचा सवाल होता, आणि माझ्या श्रद्धेचा हिशोब मी माझ्या सद्सद्विवेकाला देईन हे त्या चर्चच्या अधिकाऱ्यांना बजावत होत्या. घरापासून श्रद्धा लपवणारी यमुना आपल्याला माहीत आहे. धर्मसंस्थेपुढे आपली वेगळी श्रद्धा जपणारी ही स्त्री मात्र कथेत अजून यायची आहे. पुढे ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदासदन, मग पुणे, १८९३ मधला धर्मांतराचा गदारोळ, रानडे-भांडारकरांनी सोडलेलं सल्लागार मंडळ, केडगावचं मुक्तिसदन, मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं सोपं मराठी भाषांतर, १९२१ मध्ये मनोरमेचा आणि १९२२ मध्ये त्यांचा स्वतःचा मृत्यू. देवदत्त नारायण टिळकांनी १९६० मध्ये त्यांचं विस्तृत चरित्र लिहिलं. मात्र ‘आनंदी गोपाळ’ने डॉ. आनंदीबाईंना जसं घराघरांत नेलं, तसं कोणत्याही कादंबरीने रमाबाईंना नेलेलं नाही.

डॉ. आनंदीबाईंचा उल्लेख इथे मुद्दाम केला. त्या कल्याणच्या जोश्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या या लोकलच्या वाटेवरच्या. माहेरचं नाव यमुना, पदमनजींच्या नायिकेचं तेच. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ १९६८ मध्ये आली. त्या कादंबरीची आणि त्या आयुष्याची आपल्या विषयाच्या दृष्टीने ओळख करून घ्यायला हवी. आनंदीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. पण अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापलेल्या पत्रव्यवहारातूनच त्यांची वाट उघडली, ती पत्रं वाचून मदतीला आलेल्या अमेरिकन ख्रिस्ती कार्पेंटरबाईंना त्यांनी मावशी मानलं, आणि धर्म सोडण्याचं दडपण त्यांच्यावर वारंवार आलं. १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणून परतू असं जाहीर केलं. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा समारंभाला रमाबाई हजर होत्या. एक धर्म बदललेली, एक न बदललेली, आणि दोघीही एकमेकींच्या जिद्दीला मान देणाऱ्या. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात आनंदीबाई गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या अमेरिकेतल्या दफनभूमीत विसावल्या आहेत. न बदलणाऱ्या स्त्रीची ही निष्ठा श्री. ज. जोश्यांनी समजून घेतली, म्हणून ती कादंबरी टिकली. तेवढ्याच आस्थेने बदलणाऱ्या स्त्रीला समजून घेणारी कादंबरी आपण लिहिली नाही.

गोव्याकडे पाहिलं तर चित्र थोडं वेगळं आहे. महाबळेश्वर सैल यांनी ‘तांडव’मध्ये सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज धर्मांतराचा काळ उभा केला. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडता, गोव्यात इन्क्विझिशन होतं. घरात जुना सण केला, जुनं गाणं गायलं, तरी शिक्षा होऊ शकत होती. श्रद्धेचं गुपित तिथे जीवनमरणाचा प्रश्न होता, आणि ते जपणारी स्वयंपाकघरातली बाई होती. सैल यांचं सामर्थ्य असं की ते कुणाला राक्षस करून मोकळे होत नाहीत. बाटलेला आणि पळालेला दोघांचंही दुःख ते मोजतात. पण ‘तांडव’ ही प्रामुख्याने गावाची कादंबरी आहे. एकाच स्त्रीच्या मनात पाचशे पानं राहायची, हे काम तिने हाती घेतलेलं नाही.

मराठी ऐतिहासिक कादंबरीला हे का जमलं नाही? माझ्या मते कारणं तीन. पहिलं, आपली ऐतिहासिक कादंबरी गड, लढाया आणि दरबार यांच्या नादात वाढली. तिला इतिहास म्हणजे मोहीम वाटते; स्वयंपाकघरातला पाण्याचा हंडा वेगळा ठेवण्याचा इतिहास तिला इतिहास वाटत नाही. दुसरं, ख्रिस्ती साहित्याचा प्रवाह वेगळ्या पात्रातून वाहिला. १८४२ पासूनचं ‘ज्ञानोदय’, वसईचं ‘सुवार्ता’, मिशनच्या प्रकाशनसंस्था यांनी मोठं काम केलं. पण इतर वाचक तिथे क्वचितच गेला. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो झाले, तेव्हाही त्यांच्या लेखनापेक्षा त्यांच्या झग्याची चर्चा अधिक झाली, याचं मला आजही दुःख वाटतं. तिसरं कारण सर्वांत जड आहे. धर्मांतर या शब्दाभोवती इतकं वादळ आहे की लेखक दोन्हीकडून स्वतःला वाचवू पाहतो. धर्मांतर करणारी बाई फसवली गेली, असं एका बाजूला लिहिलं जातं. ती उजेडात आली, असं दुसऱ्या बाजूला. तिने विचार केला, ती चुकली असेल, बरोबर असेल, पण तिने स्वतः निवडलं, असं लिहायला कुणी पुढे येत नाही.

जगात हा कथाप्रकार जोमात आहे. अमेरिकेत १९७९ मध्ये जॅनेट ओक यांची पहिली कादंबरी आली, १९९१ मध्ये फ्रान्सिन रिव्हर्स यांची ‘रिडीमिंग लव्ह’ आली. जुन्या काळातली नायिका, मनात दडवलेला भूतकाळ, आणि देवाच्या क्षमेने मोकळं होणारं मन, अशा कथांचा तिथे मोठा वाचकवर्ग आहे. त्या कथांमधली ऊब खरी आहे. पण गुपित फुटलं की क्षमा मिळते आणि सगळं सावरतं, हा साचाही खरा आहे, आणि पदमनजींच्या साच्याशी त्याचं नातं जवळचं आहे. आपल्याला त्याहून मोलाचा धडा केरळात मिळतो. सारा जोसेफ यांच्या ‘आलाहयुडे पेण्मक्कळ’ला २००३ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मठ सोडणाऱ्या एका ननची गोष्ट त्यांनी ‘ओथप्पु’मध्ये सांगितली. तिथे श्रद्धा सुटत नाही, श्रद्धेची जागा बदलते. ख्रिस्ती घरात वाढलेल्या लेखिकेने ख्रिस्ती स्त्रीला चर्चपुढे उभं करून प्रश्न विचारू दिला. हे धैर्य मराठीत रमाबाईंच्या पत्रांत आहे, कादंबरीत नाही.

आणि इथेच उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आमच्या तीन गावांचा संबंध येतो. उल्हासनगर म्हणजे लष्कराचा जुना कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं इथल्या बराकींत राहिली. ८ ऑगस्ट १९४९ ला या वसाहतीला नवं नाव मिळालं. आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. अंबरनाथ वाढलं ते विम्कोच्या काडेपेटी कारखान्याने, ऑर्डनन्स फॅक्टरीने आणि नंतरच्या औद्योगिक वसाहतीने. त्या नोकऱ्यांमागे देशभरातून घरं आली, त्यांत ख्रिस्ती घरंही आली. कल्याणला १९८८ मध्ये सिरो-मलबार पंथाचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, यावरून या पट्ट्यातल्या मल्याळी ख्रिस्ती वस्तीचा अंदाज येतो. बदलापूर मुंबईच्या चाळी सोडून आलेल्या मराठी कुटुंबांचं गाव. तिथल्या ‘ग्रंथसखा’ वाचनालयाने दुर्मिळ मराठी पुस्तकं जपण्याचा वसा घेतला. म्हणजे सारा जोसेफ मल्याळममधून वाचणारी बाई आणि लक्ष्मीबाई टिळक मराठीतून वाचणारी बाई एकाच लोकलच्या बाकावर शेजारी बसतात, आणि एकमेकींच्या पुस्तकाचं नाव त्यांना माहीत नसतं. या दोघींना जोडणारं पुस्तक लिहिलं जायचं असेल, तर ते इथेच लिहिलं जाईल.

कथानकाची उणीव नाही. एकच नमुना देतो. १८६६ मध्ये धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा झाला. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायकोने धर्माच्या कारणाने नांदायला नकार दिला, तर न्यायालय तिला विचारत असे, आणि लगेच निकाल न देता खटला एक वर्ष पुढे ढकलत असे. वर्षानंतर पुन्हा तोच प्रश्न. ते एक वर्ष! माहेरच्या ओसरीवर बसलेली, पुनर्विवाहाची शक्यता नसलेली, नवऱ्यावर राग आणि माया दोन्ही असलेली वीस वर्षांची मुलगी. रोज कुणी ना कुणी तिला सांगतं, हो म्हण, नाही म्हण. तिच्या मनात काय आहे ते कुणीच विचारत नाही. कायद्याने जन्माला घातलेली ही कादंबरी मराठीत अजून कुणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही.

ही कादंबरी लिहिणाऱ्याने दोन पथ्यं पाळावीत. बाप्तिस्मा हा शेवटच्या प्रकरणातला विजय करू नये, आणि पहिल्या प्रकरणातला अपघातही करू नये. त्याची आदली रात्र लिहावी. त्या रात्री ती जुन्या देवाला काय म्हणाली, आईला लिहिलेलं पत्र तिने टाकलं की फाडलं, कोणत्या भाषेत तिने पहिली प्रार्थना केली, हे लिहावं. दुसरं, पंडित घरांच्या पलीकडे पाहावं. नगर-जालन्याकडच्या महार-मांग वस्त्यांतून ख्रिस्ती झालेल्या बायकांच्या मागे ना शास्त्राभ्यास होता ना पत्रव्यवहार. त्यांनी जे सोडलं त्यात सोवळं नव्हतं, अपमान होता. आणि जे मिळालं त्यात शाळा होती, औषध होतं, नाव होतं. त्यांची गुपितं वेगळी आहेत आणि ती कुठल्याच आत्मचरित्रात नोंदलेली नाहीत.

म्हणून या पट्ट्यातल्या वाचकांना, विशेषतः ख्रिस्ती घरांतल्या मुलामुलींना, माझं कळकळीचं सांगणं आहे. घरात आजी असेल तर या रविवारी चर्चहून आल्यावर तिच्याजवळ बसा. आपल्या घरात पहिली प्रार्थना कुणी केली, तेव्हा घरातलं कोण रागावलं, कोण कायमचं दुरावलं, ते विचारा. तिच्या शब्दांत, तिच्या बोलीत लिहून ठेवा, आणि तारीख घाला. कादंबरी पुढे कुणीही लिहील. आजी मात्र आज आहे.